रंग का उडतो

रेवसच्या लाँचमध्ये दर शनिवारी एक गृहस्थ वरच्या डेकवर माझ्या शेजारी बसत. मुंबईत रसायनशास्त्राचं संशोधन करत. उन्हाने रंग का उडतो, हे प्रकाशाच्या वर्णपटातले पट्टे मोजून शोधत. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मीच समोरच्या कोळणीला म्हणालो, "हे रंगांचे मोठे शास्त्रज्ञ."

तिने विटलेला पदर पुढे केला. "दादा, ह्यो रंग टिकंल असं कायतरी कर की."

"का उडतो ते सांगेन, बाई. टिकवणं अजून जमलेलं नाही."

"मंग इतकी वर्सं उनात काय सुकट वालत घातलीस?"

सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मी.

"खरं आहे," म्हणून ते चष्मा पुसत राहिले. त्यांना सहज थाप मारता आली असती. मी मारली असती.

पुढच्या शनिवारी ते खाली, इंजिनाजवळच्या उकाड्यात बसले. जिन्यापर्यंत जाऊन मी परत फिरलो.