तिसरी पिन

ते साइटवर हातोडी घेऊन यायचे. पेन विसरत, हातोडी कधीच नाही. नव्या बोर्डासमोर उभे राहून पहिला शब्द, "अर्थिंग दाखव!" वायरमनने नुसतं डोकं खाजवलं, की बोर्डाचे तुकडे जमिनीवर.

अमरावतीत आमच्या नगरातल्या करमणूक केंद्राची सगळी वीज या साहेबांनी आखली होती. ते अकोल्याहून बसने येत. बॅडमिंटनच्या हॉलमधले दिवे असे लावलेले, की फुलाकडे वर पाहिलं तरी डोळे दिपत नसत. मी तिथला इंजिनिअर. त्यांच्या शिव्या खाल्ल्याशिवाय मला जेवण जात नाही, असं सगळे चिडवायचे.

एकदा एका वायरमनने कूलरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन पकडीने मोडली आणि उरलेल्या दोन पिना भोकांत बसवल्या. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं, तुम्हीही केलं असेल. साहेबांनी त्याची मान धरून तोंड भिंतीवर आपटलं. "पिन नाई मोडली तुवा, मानूस मोडला!" त्याच्या नाकातून रक्त आलं. मग स्वतःच रुमाल भिजवून त्याच्या नाकावर धरून बसले.

बसल्या बसल्या मला म्हणाले, "माह्या भावानं चालू कूलरमंदी पानी टाकलं होतं. अनवानी. मी सोडवाले गेलो, त मले झटका बसून दूर फेकल्या गेलो. भाऊ तसाच चिकटून होता."

केंद्रातल्या कूलरच्या लाइनवर त्यांनी एक ब्रेकर बसवला होता. कुठे जरा करंट गळला, की तो पडायचा. उद्घाटनाच्या दुपारी तो सारखा पडू लागला. पाहुणे घामाघूम, अध्यक्ष माझ्यावर डाफरले. मी ब्रेकर वगळून तार सरळ जोडून दिली. कूलर सुरू झाले. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली.

साहेब उशिरा पोचले. बोर्ड पाहिला आणि धावत जाऊन कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला, म्हणजे पत्र्यात करंट उतरला होता. तेवढ्यात एक मावशी कूलरमध्ये टाकायला पाण्याची बादली घेऊन तिथे आल्या. त्यांना साहेबांनी असं ढकललं, की त्या दोन खुर्च्यांसकट पडल्या. मग मेन स्विच पाडला, माझ्या कानाखाली दोन ओढल्या आणि सगळ्यांदेखत हातोडीने कूलरचा पत्रा फोडत सुटले. "कोनाले माराचं होतं बे तुले?"

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. माणूस वेडा आहे, बायांवर हात टाकतो, असं ठरलं. मला विचारलं, "तुम्ही काही सांगाल?" पेटलेला टेस्टर मी पाहिला होता. तार मी जोडली होती. मी मान खाली घातली. त्यांचं काम गेलं. जाताना ते हातोडी उचलून माझ्यासमोरून निघून गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा उन्हाळ्यात ते वारले. महिन्याभराने मी अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. नाव सांगताच त्यांच्या पत्नीने, काकूंनी, ओळखलं. "तुमी अमरावतीचे नाई का? थे म्हनत, पोरगा हुशार हाय, पर भेकड हाय."

मी रडलो. कूलरमधलं पाणी संपलं होतं. काकू उठल्या, प्लग काढला आणि माझ्या हातात दिला.

"पानी टाकेपर्यंत धरून ठेवा. आमच्या घरी अशीच रीत हाय. थे होते तोवर थेच धरत."

तिन्ही पिना जागेवर होत्या. मी प्लग मुठीत घट्ट धरला. काकू अनवाणी उभ्या राहून, एक हात कूलरच्या पत्र्यावर टेकवून बादली ओतत होत्या. माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.