स्थळ घेऊन आलेला बेलीफ

भूपाल चौगुले कोल्हापूरच्या दिवाणी कोर्टात बेलीफ आणि मी तिथलाच कारकून. मी वॉरंट लिहायचं, त्यानं ते नेऊन लोकांवर बजवायचं. पाप निम्मं निम्मं, पण शिव्या सगळ्या त्याला.

आपल्या कामाचा त्याला भलता अभिमान. कँटीनमध्ये चहा आला की भूपालअण्णाचं सुरू, "पोलिसाच्या वॉरंटात काय हाय वो? जामीनपात्र असलं तर जामीन देऊन माणूस तासात घरी. अजामीनपात्र असलं तर रात्री-अपरात्री फरफटत न्हेत्यात. झडतीचं असलं तर कणगीत हात घालत्यात. अक्कल लागती कुठं? आमचं बघा! जप्तीचं असलं तर भांडी मोजा, कब्जाचं असलं तर कुलूप लावा. आणि देणेकऱ्याच्या अटकेचं असलं तर दिवस मावळायच्या आत त्याच्या घरात शिरा. दिवस मावळला की उंबरा ओलांडायचा न्हाय. कायदा हाय!" एका गिरणीचे चार शेअर होते त्याच्याकडं. त्यांचं वर्षाला सव्वासहा रुपयांचं डिव्हिडंड वॉरंट टपालानं यायचं. तेवढ्या एका वॉरंटाला त्याच्या घरात चहा मिळायचा, म्हणजे पोस्टमनला.

गंमत अशी, की अण्णा जैन. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाय. आणि त्याचे देणेकरी नेमके तेव्हाच दारं सताड उघडी टाकून सोप्यात बसायचे नि हाळी द्यायचे, "या की अण्णा, जेवायला!" दिवसा मात्र घरोघरी एकच उत्तर, "घरात न्हाईत." चपला दारात आणि माणूस गावाला!

बाहत्तर साली गडमुडशिंगीच्या आकारामनं त्याला असं सहा वेळा माघारी धाडलं. आकारामची वीटभट्टी होती. त्यानं स्वतः कुणाची दमडी बुडवली न्हवती, मेव्हण्याच्या ट्रकच्या कर्जाला जामीन राहिलेला. मेव्हणा ट्रकसकट गायब. दार फोडणं अण्णाला गावंढळ वाटायचं. सातव्या खेपेला त्यानं कोट चढवला, जरीची टोपी घातली, पेढ्यांचा पुडा घेतला आणि दारात उभं राहून हाक मारली, "पावणं हाईत का घरात? आक्काताईसाठी स्थळ आणलंय!" आक्काताई आकारामची थोरली. माळ्यावरनं धडाधडा उतरून, फेटा गुंडाळत आकाराम बाहेर आला. अण्णानं त्याच्या एका हातात पेढा ठेवला नि दुसऱ्या हातात वॉरंट.

हा किस्सा कँटीनमध्ये पाच वर्षं चालला. टेबल बडवून सगळ्यात मोठ्यानं हसायचो तो मी. खोटं कशाला बोलू?

सत्त्याहत्तरात अण्णाची त्रिशला लग्नाची झाली. पोरगी बी.ए., शाळेत शिकवणारी, नाकीडोळी नीटस. अण्णा तोच कोट घालून स्थळं बघायला निघाला, सोबतीला मी. आणि काय सांगू! जाऊ तिथं मुलाचा बाप "घरात न्हाईत." आपल्याकडं इभ्रतीचा माणूस म्हटला की तो कुणाला ना कुणाला जामीन राहिलेलाच असतो. कुठलं वॉरंट कधी निघंल, काय नेम? अण्णा ओरडायचा, "अवं, खरंच स्थळ आणलंय!" ते ऐकलं की होती नव्हती ती खिडकीसुद्धा बंद व्हायची. किस्सा आमच्या आधी पोचलेला. पोचवणाऱ्यांत मी पहिला.

राहिलं कोडोलीचं एक घर. तात्यासोंचं खताचं दुकान, मुलगा बँकेत. त्या मुलानं त्रिशलाला एका लग्नात बघून पसंत केलेली. "हे गेलं तर माझ्या पोरीचं काय खरं न्हाय," अण्णा बसमध्ये तीनदा म्हणाला. तात्यासो अर्थातच घरात न्हवते. आम्ही समोरच्या पारावर बसलो. दुपार गेली, अण्णाची जेवायची वेळही टळली. दिवस मावळला तसे तात्यासो दार उघडून सोप्यात येऊन बसले. म्हणाले, "आता बोला."

अण्णानं पिशवी उलटी करून दाखवली. त्रिशलाचा फोटो आणि पत्रिका, बाकी काही न्हाय. तात्यासोंनी फोटो निरखून बघितला.

"पोरगी झ्याक हाय," ते म्हणाले. "पण एक सांगा. आकारामला धरला त्या दिवशी त्याच्या घरात पुरण का शिजत होतं, विचारलंत कधी?"

तात्यासोंनी फोटो पालथा ठेवला.

"त्या दिवशी आक्काताईला बघायला खरंच पावणं यायचं होतं. आमच्याच गावचं. येऊन बघत्यात तर पोरीचा बाप बेलीफाबरोबर चाललेला. आल्या पावली फिरलं. पोरगी अजून घरात हाय. आधी तिचं जमवा, मग ह्या फोटोचं बघू."

परतीच्या गाडीत अण्णानं कोट उतरवून पिशवीत कोंबला. मला तर माझ्या हसण्याची शिसारी आली.

स्थळ मीच काढलं, माझ्या भावकीतलं. मुलगा साखर कारखान्यात फिटर, निर्व्यसनी, हुंडा नको म्हणणारा. पुढच्याच रविवारी आम्ही गडमुडशिंगी गाठली. दार बंद, दारात आकारामच्या चपला. अण्णानं तोंड उघडलं, मिटलं. म्हणणार तरी काय दुसरं? शेवटी टोपी काढून हातात घेतली नि हळूच म्हणाला, "पावणं हाईत का घरात? आक्काताईसाठी स्थळ आणलंय."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग दार हातभर उघडलं. आक्काताईच होती. पंचविशीतच कानाशेजारचे केस पांढरे झालेले. तिनं पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि खाली बघत म्हणाली,

"आबा म्हणत्यात, वॉरंट असलं तर आत या. स्थळ असलं तर माघारी जावा."