कानबाईच्या रोटाचा तुकडा

ठरत आलेलं लग्न मोडतं कशानं? हुंडा, पत्रिका, नाहीतर एखादी खवट आत्या. माझं मोडलं एका तुकड्यानं, आणि तो मी स्वतःच्या हातानं तोंडात घातला. चहा घ्या, सांगतो. मात्र मधेच हसलात तर मी उठून जाईन.

तेव्हा मी मुंबईत कथा लिहायचो. लिहायचो म्हणजे काय, एकच कथा नावं बदलून पाठवायचो. शेवटी संपादक वैतागले. म्हणाले, तुमची ती शेजारीण आणखी किती वर्षं त्याच गॅलरीत कपडे वाळत घालणार? जरा शहराबाहेर जा, काही नवं सुचतंय का बघा.

छापखान्यातला माझा दोस्त गोविंदा नंदुरबारजवळच्या कोरीटचा. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तेव्हा चल म्हणाला. शिवाय त्याला द्वारका नावाची लग्नाची बहीण होती. आमची जात एकच, कुळं वेगळी. माझ्या वडिलांनी मुंबईला येताना खानदेश असा झटकून टाकला होता की आमच्या घरात त्याची मिरचीसुद्धा उरली नव्हती. तेव्हा कानबाईचं मला काय कळणार?

सुरतेला गाडी बदलून नंदुरबार, पुढे बैलगाडी. दारात उतरलो तोच पाय चिखलात गेला आणि बूट तिथेच राहिला. द्वारकेनं तो काठीनं उपसला आणि मेलेल्या उंदरासारखा माझ्यापुढे धरला. ती हसली नाही, पण न हसायला तिला किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. मी खलास! प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती हीच, अशी माझी खात्री पटली.

नवल म्हणजे तिच्या वडिलांना, आबांना, मीही पसंत पडलो. पौर्णिमा झाली की सुपारी फोडू, म्हणाले. मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधल्या.

रविवारी नारळाला नथ घालून देवी बसवली. सोमवारी वाजतगाजत ती नदीवर पोचवली. परत आल्यावर सगळं घर माजघरात रोट खायला बसलं आणि माझं ताट मात्र ओसरीवर! रोट म्हणजे देवीच्या नावच्या गव्हाच्या जाडजूड पोळ्या. गोविंदानं बजावलं होतं, रोट फक्त घरच्यांनीच खायचा.

आता विचार करा. घरच्यांनी खायचा, आणि मी चार दिवसांत जावई. मग मी घरचा नाही तर कोण? उलट लाजून लांब बसलो तर यांना वाटेल, मुंबईवाल्याला आपली भाकरी चालत नाही. शिवाय मी पडलो लेखक. पुढच्या कथेची चव त्या रोटाच्या टोपलीतच आहे असं मला वाटायला लागलं.

सगळे हात धुवायला परसात गेले तसा मी आत शिरलो, रोटाचा चांगला मोठा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि तोंडात कोंबला. मागे वळतो तर द्वारका.

"रोट खादा तुम्ही?" तिनं विचारलं.

भरल्या तोंडानं मी म्हणालो, "मी आता घरचाच ना!"

तिचा चेहरा उतरला. मीही तिला आवडलो होतो, हे मला त्या क्षणी कळलं. कळायला मुहूर्त काय शोधला पाहा!

तिनं मायला सांगितलं, मायनं आबांना, आबांनी साऱ्या भाऊबंदांना. ओसरी भरली. मी म्हणालो, तुकडा लहान होता. मी म्हणालो, नीट गिळलाही नव्हता. हे कसलं खूळ, असं व्याख्यानही झोडलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"देवीना रोट शे, पाव-बिस्कुट नही," ते म्हणाले. "जो खाये तो आमना कुळना. आते तू मन्हा पोऱ्या, द्वारका तुन्ही बहीन. जवाई कसा व्हशी?"

बरं, एवढ्यावर सुटलो का? रोट पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा असतो. मग नव्या पोराच्या पानातही रोज रोट पडू लागला. तो दिवसागणिक कडक होत गेला आणि माय मायेनं वाढत गेली. दाढ दुखायची, पण बोलायची सोय नव्हती, कारण घरचा होतो ना! पौर्णिमेला द्वारकेनं राखी बांधली, ती माझ्याकडे न बघता. मीही सुताकडेच बघत राहिलो. फार वाईट वाटलं हो.

पुढच्या वैशाखात तिचं तळोद्याच्या मुलाशी लग्न झालं. आबांचं बोलावणं आलं, नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो, आणि गोविंदा म्हणत होता, हा मान धाकट्या भावाचा, म्हणजे तुझा. गेलो. भर मांडवात कान धरला आणि असा पिळला, असा पिळला, की नवरदेवाच्या डोळ्यांतून पाणी आलं. वऱ्हाड खूश! म्हणे, भावाची माया पाहा केवढी.

मला रेशमी फेटा मिळाला. तो बांधून घेतला, आणि मांडवाच्या मागे जाऊन आधी स्वतःचा कान पिळला. खरा हकदार तोच होता.