मधल्या फळीवरचा डबा

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर ते मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आणि निवृत्त होऊन भोपाळमध्येच सोनागिरीच्या या घरात आलो, तर साखर सापडेपर्यंत चहा उतू जातो. शेवटी गेल्या आठवड्यात मी बायकोला म्हटलं, "सुमित्रा, तू खुर्चीत बस. आज तुझं फडताळ मी लावतो."

"लावा," ती म्हणाली. "नाही म्हटलं तर ऐकणार थोडेच आहात."

स्टोअरचा नियम साधा आहे. रोज लागतं ते हाताशी, कधीमधी लागतं ते वर, नुसतं पडून असलेलं बाहेर. आमच्याकडे सगळा उलटा कारभार. पोहे थेट छताला, चहा कुठल्या तरी पिठामागे, आणि हळद जागोजागी, कारण आधीची सापडली नाही की बाईसाहेब नवी आणतात. मी सगळं ओट्यावर काढलं. मुगाच्या डाळीला जाळी धरलेली निघाली तेव्हा मी बोललो, तिनेही मला ऐकवलं. असं करत करत मधल्या फळीवर, अगदी डोळ्यांसमोर, एकच स्टीलचा डबा उरला. उघडून बघतो तर रिकामा. पण घासूनपुसून लख्ख.

"मोक्याची जागा अडवून बसलाय हा. इथे चहा-साखर ठेवू."

"त्याला हात लावू नका," सुमित्रा म्हणाली.

झाकणावर नाव कोरलेलं होतं, 'सौ. कमल भालचंद्र'. मग माझी ट्यूब पेटली.

कमलवहिनी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी होत्या. मूळच्या नागपूरच्या. सुमित्रा लग्न होऊन कराडहून आली तेव्हा तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं, भाजीवाल्यासमोर नुसती बोटं दाखवायची. वहिनींनी तिला हाताला धरून पिपलानीच्या बाजारात नेलं, भाव करायला शिकवलं, भांडायलाही शिकवलं. आजही ती भाजीवाल्याशी भांडते ते वहिनींच्याच नागपुरी ठसक्यात. मागच्या बुटक्या भिंतीवरून दिवसभर वाट्यांची ये-जा चालायची. कधी विरजण, कधी कढीपत्ता, कधी उगाच चव बघायला काहीतरी. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा दोघींचा दंडक होता.

भालचंद्रराव निवृत्त झाले आणि मुलाने, अमेयने, दोघांना पुण्याला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी उरलेली भाजणी याच डब्यातून भिंतीवरून दिली. झालं, डबा परत द्यायचा तर भरून द्यायला हवा, म्हणून सुमित्राने दुसऱ्या दिवशी सकाळी चिरोटे करायला घेतले. मी म्हटलं, अगं, त्यांची गाडी येईल, तसाच देऊन टाक. तर म्हणे, रिकामा देऊ? चिरोटे कढईत असतानाच गाडीचा हॉर्न वाजला. ही पिठाच्या हातांनी धावली, दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि डबा राहिला ओट्यावर. चिरोटे मी एकट्याने संपवले. तिने तुकडासुद्धा तोंडात घातला नाही.

तेव्हापासून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर डबा पाठवायचं ठरतं आणि ऐन वेळी फिसकटतं. कधी लाडू बिघडतात, कधी म्हणे त्या माणसाचा भरवसा नाही. आता शनिवारी समोरचे शांताराम गाडीने पुण्याला जाणार होते. मी म्हटलं, "चल, या वेळी देऊनच टाकू. काहीही भर त्यात. बाजारची बर्फी भर."

सुमित्राने मान हलवली. मग म्हणाली, "डबा गेला की तिचं माझ्याकडे काय राहिलं? आणि तिला तरी इथे यायला काय कारण?"

"त्या कशाला येतायत आता?" मी बोलून गेलो. भालचंद्रराव वारून बरेच दिवस झाले, वहिनींचे गुडघे गेलेत.

"नाहीच येणार. मला कळत नाही का? पण मला ती हवी आहे हो. इतक्या वर्षांत या घराच्या भिंतीवरून मला कुणी हाक मारली नाही."

मी सरळ वहिनींना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सांगितलं की तुमचा डबा शनिवारी पाठवतोय.

"माझा डबा?" वहिनी म्हणाल्या. "अजून आहे तो?" मग म्हणाल्या, "नका पाठवू भावजी. इथं शर्वरीनं सगळ्या काचेच्या बरण्या घेतल्या, एकसारख्या. सून चांगली आहे हो माझी. पण स्वयंपाकघर तिचं आहे. मी माझा डबा ठेवू कुठं? माळ्यावरच जाईल तो."

मी फोन सुमित्राच्या जवळ सरकवला.

"सुमित्रा आहे का तिथं? काय करून राहिली ती?"

"इथेच आहे गं," सुमित्रा म्हणाली. "फडताळ लावतोय."

"मग तू कुठं ठेवला तो?"

"मधल्या फळीवर. अगदी समोर."

"समोर?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

"उघडलं की आधी तोच दिसतो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग राहू दे तिथंच. भोपाळात माझं तेवढं तरी असू दे. काय भरलं त्यात?"

सुमित्राने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाजणी. तुझ्याच पद्धतीची."

"धणे नीट भाजले ना?"

"भाजले."

फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले, उठली आणि जाड बुडाची कढई गॅसवर ठेवली. ओट्यावरच्या पसाऱ्यातून तांदूळ मिळाले, हरभऱ्याची डाळ मिळाली, धणे मिळाले. ज्वारी नव्हती. मी पिशवी घेतली आणि चपला घातल्या.