हात मांडीवर

माझ्या धाकट्या भावाला तिसऱ्या मुलाखतीत नोकरी लागली. खरं तर पहिल्याच मुलाखतीत लागायची, पण ती मी घालवली. आता हे मी चारचौघांत सांगते, तेव्हा मात्र बरेच दिवस मूग गिळून बसले होते.

धाकटा शिलाई मशिनांचा मेकॅनिक. कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्याने मशिनं दुरुस्त केली. तिथल्या बायका त्याला कानसेन म्हणत, कारण बिघाड शोधताना तो डोळ्यांनी बघायचाच नाही. मशीन चालू ठेवायला सांगायचा, त्याच्यावर तळहात टेकायचा, डोळे मिटायचा आणि ऐकत राहायचा. नवीन माणसाला वाटावं, ह्याला डुलकी लागली. मग डोळे उघडून सांगायचा की सुईचा दांडा घासतोय, आणि तो घासतच असायचा.

कारखाना बंद पडला तेव्हा तो एकावन्न वर्षांचा होता. एका मोठ्या इस्पितळाच्या शिवण विभागात, जिथे चादरी आणि डॉक्टरांचे झगे शिवतात, मेकॅनिकची जागा निघाली. मुलाखतीचं पत्र आलं आणि माझ्या अंगात मास्तरीण संचारली. मी एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलेली. साहेबलोकांना काय आवडतं ते मलाच ठाऊक, असा माझा तोरा. आठवडाभर त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवून मी उत्तरं घोटून घेतली.

"डोळे मिटायचे नाहीत. हात मांडीवर. सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. गावंढळ दिसतं ते."

"अगं, पण तिथे मशीन असलं तर?"

"तुझ्या मुलाखतीला मशीन कशाला येईल?"

मशीन होतं. खोलीच्या कोपऱ्यात एक बाई त्याच्यावर चादर शिवत बसली होती, आणि विभागाच्या इन्चार्ज बाईंनी सहज विचारलं, "हे कसं वाटतं तुम्हाला?" धाकट्याने हात मांडीवर ठेवून, बाईंच्या डोळ्यांत बघत, माझं सहा नंबरचं उत्तर पोपटासारखं म्हणून दाखवलं: मशिनांची वेळच्या वेळी देखभाल फार महत्त्वाची असते. आठ दिवसांनी नकार आला.

खोलीत काय झालं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपली सगळ्यांना सांगत सुटले, हल्ली वशिल्याशिवाय काही होत नाही. धाकटा एक दिवस धड जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली आणि सरळ इस्पितळ गाठून इन्चार्ज बाईंना विचारलं, "जागा गेली ती गेली. माझं काय कमी पडलं तेवढं सांगाल?" त्यांनी सांगितलं. परत येऊन मला म्हणाला, "काही नाही गं ताई, जरा घाबरलो मी."

खरं काय ते त्याच्या बायकोने सांगितलं, महिन्याभराने, भाजी निवडता निवडता. "वन्सं, ह्यांनी सांगू नको म्हटलंय. पण तुम्ही सारखं वशिला वशिला म्हणता, ते मला ऐकवत नाही. त्या बाई म्हणाल्या, समोर मशीन खडखडत होतं आणि तुम्ही जागचे उठलासुद्धा नाहीत. मशीनजवळ जावंसं वाटत नाही तो मेकॅनिक कसला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातांनी त्याने घर चालवलं, ते मीच मांडीवर ठेवायला लावले होते. वर गावंढळ म्हणाले होते. त्यानंतर मी त्याच्याकडे जायचं टाळू लागले. त्याचा फोन आला की डोकं दुखतंय म्हणायचे.

तो मात्र कामाला लागला होता. रोज एका ओळखीच्या शिंप्याकडे जाऊन मशिनं ऐकायचा आणि जे ऐकू येईल ते मोठ्याने बोलायची सवय करायचा, कारण बाईंनी हेही सांगितलं होतं की मनातलं मनात ठेवलंत तर समोरच्याला कळणार कसं. दुसरी मुलाखतही पुढे हुकलीच, पण माझ्यामुळे नाही; तिच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या दारात हजर.

"ताई, तुझं मशीन काढ. मी उमेदवार, तू साहेब."

"माझ्याकडे कशाला आलास?"

"मग कोणाकडे जाऊ? एवढी खडूस साहेबीण दुसरीकडे कुठे मिळणार?"

मी माझ्या पायाच्या मशीनवरचं कापड काढलं आणि पाय मारायला लागले. "हे कसं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं. तो खुर्चीवरून उठला. "एक मिनिट, मी आधी ऐकतो," असं म्हणून त्याने तळहात टेकला आणि डोळे मिटले. कारखान्यातल्या बायकांनी सव्वीस वर्षं पाहिलेला तो चेहरा मी, त्याची सख्खी बहीण, पहिल्यांदा पाहत होते. गावंढळ मुळीच दिसत नव्हता तो.

"तुझी नोकरी मी घालवली रे," मी म्हटलं, आणि माझा पाय थांबला.

त्याने डोळे उघडले नाहीत. "माहीत आहे. पाय थांबवू नकोस, ऐकू दे."

मी रडत रडत पाय मारत राहिले. जरा वेळाने तो म्हणाला, "दोन वर्षं तेल घातलेलं नाहीस."

तेही खरं होतं.