कासवाची छाती

बाळांनो,

रविवारी फोनवर तुम्ही क्रिकेटचा नवा चेस्ट गार्ड दाखवलात आणि विचारलंत, "आईकडे होता का असला?" तुमची आई हसली आणि तिनं विषय बदलला. ती सांगायची नाही, म्हणून मीच लिहिते.

होता. घरी शिवलेला.

तेव्हा आम्ही देवळाली प्रवऱ्यात राहत होतो. तुमची आई आठवीत होती, घरामागच्या पडीक रानात मुलांबरोबर खेळायची. टेनिसचा चेंडू होता तोवर कुणी काही बोललं नाही. मग मुलांनी लेदरचा चेंडू आणला आणि एक दिवस ती छातीवर काळानिळा डाग घेऊन घरी आली. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, खेळ बंद केला. पुढच्याच रविवारी राहुरीच्या मुलांशी मॅच होती. पोर जेवायला उठेना. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "छाती झाकून खेळ. मी शिवते."

नगरला खेळाच्या दुकानात बघू या, असं मी सुचवलं.

"पोरीच्या मापाचं मिळतं व्हय तिथं?"

त्यांनी सासऱ्यांची जुनी बंडी घेतली, आत जुन्या लुगड्यांचे थर घातले आणि गोधडी भरतात तसा गळ्यापासून कमरेपर्यंत दाट धावदोरा घातला. तुमच्या आईनं ती चढवली, बॅट उचलली, तर हात खांद्याच्या वर जाईना.

"आजी, मी बुजगावणं दिसते."

"दिस की. बुजगावण्याला कोन चेंडू मारतंय?"

"सगळेच मारतील. ते हलत नाही ना."

त्याच आठवड्यात आमच्या विहिरीतला गाळ काढला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडलेलं होतं. काम होईपर्यंत त्याला पाण्याच्या घमेल्यात ठेवायचं होतं, पण ठेवताना ते निसटून उताणं पडलं. देवळातल्या दगडी कासवाची आपण नेहमी पाठच बघतो. छाती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काळपट, कडेनं पिवळसर, तुकडे सांधल्यासारखी, आणि पायांपाशी खोलगट.

तुमची आई वाकून बघत होती. "आजी, याचे पाय बघ की. मोकळे आहेत."

आत्याबाईंनी कासव सरळ केलं, त्याला नमस्कार केला आणि माझ्याकडे कात्री मागितली. भरलेल्या शिवणीत कात्री घालणं त्यांच्या जिवावर आलं होतं. तरी दोन्ही काखांपाशी त्यांनी मोठा अर्धगोल कापून काढला आणि मधला भाग आडव्या पट्ट्यांत कापून पुन्हा सांधला. मग बंडी दुमडायला लागली.

रविवारी त्या स्वतः बांधावर येऊन बसल्या. एक चेंडू उसळून थेट छातीवर आला. बद्द आवाज झाला. तुमच्या आईनं आमच्याकडे पाहिलंही नाही, पुढच्या चेंडूसाठी उभी राहिली.

"लागलं न्हाई वाटतं," आत्याबाई म्हणाल्या. खेळ बंद करायची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली नाही.

आत्याबाई आता नाहीत. त्या रानात घरं झाली. बंडी माझ्या कपाटात आहे. तिचा डावा बंद तुटला आहे, टाके शाबूत आहेत.