वाचून न दाखवलेला ठराव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय.

पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव. घराण्यातला पहिला पदवीधर मी. म्हणून ग्रामसभेचे ठराव लिहायला मोठ्या मानानं मलाच बसवायचे. आमच्याकडे एक रीत आहे — शेवटचा माणूस बोलल्याशिवाय सभा उठत नाही. गप्प बसला म्हणजे होकार, असं कुणी धरत नाही. मला मात्र वाटायचं, किती वेळ खातात ही माणसं! शाळेत ज्याचा हात आधी वर, तो हुशार — मी तेवढंच शिकून आलो होतो.

त्या दिवशी विषय नव्या रस्त्याचा. सरळ नेला तर मोहाची पाच झाडं तुटणार होती. कौसाआत्या त्याच झाडांखाली फुलं वेचायची. माझी सख्खी आत्या. शाळेत असताना मी तिच्याच घरी जेवलो. सगळे बोलले, ती गप्प. आणि मला चंद्रपूरची चारची बस धरायची होती.

“आत्या, बोल ना लवकर.”

“थांब ना रे साहेबा! विचार करून राह्यली मी. तुह्या बसले काय आग लागली?”

सगळे हसले. मी — चिडलो. आणि लिहून मोकळा झालो: रस्ता सरळ, सर्वानुमते.

मग आत्या बोलली. “रस्ता वळवा. आपण थोडं जास्त चालू. झाडाले काही चालता येत नाई.”

एकेक मान हलली. ठरलं — वळवायचा.

खोडून पुन्हा लिहायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं?

“लिहिलं का बापू?” तिनं विचारलं.

“लिहिलं.”

शिकलेला पोरगा म्हणतोय — वाचून दाखव, असं कुणी म्हटलं नाही. तिनं अंगठा उठवला. शाई पुसायला मी तिला माझा रुमाल दिला — एवढा मी चांगला! बस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.

ती विचार करत होती, तो मला आळस वाटला. मी विचार न करता लिहिलं, ते मला काम वाटलं.

झाडं गेली. आत्या आता फुलं वेचायला पहाटे नाल्यापलीकडे जाते, जिथं वाघाच्या भीतीनं बाया एकट्या जात नाहीत. गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “आमच्या बापूनं बरोबर लिहून देल्लं होतं. सरकारच ऐकत नाई.”

मी — काय म्हणालो असेन?

“सरकार तसंच असते, आत्या.”